समीकरणाच्या आधी काटा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारा मी एक निवृत्त कारखाना कर्मचारी आहे. शहराबाहेरच्या एका रसायन कारखान्यात एकतीस वर्षे पाळ्या केल्या आणि त्यांतली बहुतेक गंधकाम्लाच्या प्लँटवर गेली. शिक्षणशास्त्राचा माझा अभ्यास नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंतु गेल्या महिन्यात दहावीतल्या नातीची विज्ञानाची वही हाती आली, आणि तिच्यात जे दिसले ते एका वहीपुरते किंवा एका शाळेपुरते असेल असे मला वाटत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

वहीत रासायनिक समीकरणे संतुलित करण्याची पंचवीस-तीस उदाहरणे होती. हा दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा असल्यामुळे जूनपासून तोच चालू होता. तापलेल्या लोखंडावरून वाफ नेली असता लोखंडाचे काळे ऑक्साइड आणि हायड्रोजन तयार होतो, हे त्यांतले एक उदाहरण. नातीने ते अचूक सोडवले होते: लोखंडाचे ३ अणू, पाण्याचे ४ रेणू, ऑक्साइडचे १ सूत्र आणि हायड्रोजनचे ४ रेणू. मी तिला सहज विचारले की, १६८ ग्रॅम लोखंड सगळेच्या सगळे वापरले गेले तर हायड्रोजन किती ग्रॅम मिळेल? ती म्हणाली, "आजोबा, हे बॅलन्सिंगचं गणित आहे, ग्रॅमचं नाही."

हे उत्तर ऐकून मी चमकलो, कारण मी आयुष्यभर जे काम केले त्यात या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच. लोखंडाचा अणुभार ५६ धरला तर तीन अणूंचे १६८. पाण्याच्या चार रेणूंचे चार गुणिले अठरा म्हणजे ७२. डावीकडची बेरीज २४०. उजवीकडे काळ्या ऑक्साइडचे लोखंडाचे १६८ अधिक ऑक्सिजनचे ६४ म्हणजे २३२ आणि हायड्रोजनच्या चार रेणूंचे ८. बेरीज पुन्हा २४०. म्हणजे उत्तर आठ ग्रॅम, आणि ते तिच्याच हाताने लिहिलेल्या आकड्यांत पडून होते. मी ही बेरीज करून दाखवल्यावर तिने जो प्रश्न विचारला तो मात्र मला फार आवडला. डावीकडे तीन आणि चार मिळून सात, उजवीकडे एक आणि चार मिळून पाच. मग हे समीकरण संतुलित कसे? रेणूंची संख्या टिकत नाही, अणूंची टिकते, आणि अणू टिकतात म्हणून वस्तुमान टिकते, हे तिला तोवर कोणी वेगळे करून सांगितलेच नव्हते. जूनपासून ती समोरचे आकडे जुळवत होती. कशाचे आकडे, हे मात्र विचारत नव्हती.

पुढच्या पानावर हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी तयार होण्याचे उदाहरण होते. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू आणि उजवीकडे एकच, हे पाहून तिने पाण्याच्या सूत्रातल्या ऑक्सिजनच्या पायाशी एक बारीक २ लिहून टाकला होता. दोन्ही बाजू जुळल्या, आणि शिकवणीतल्या सरांनी त्यावर लाल शाईने बरोबरची खूण केली होती. ते सूत्र पाण्याचे नाही, हायड्रोजन पेरॉक्साइडचे आहे. जखम धुण्यासाठी औषधाच्या दुकानात त्याचे पातळ द्रावण बाटलीत मिळते आणि ते पिण्याची वस्तू नव्हे. घाईत एखादी खूण चुकते, त्याबद्दल मी त्या सरांना दोष देत नाही; साठ वह्या तपासणाऱ्याची नजर कुठेतरी घसरणारच. परंतु ज्या मुलीच्या मनात समीकरण म्हणजे प्रत्यक्ष पदार्थांचा हिशेब आहे, तिच्या हातून ही चूक मुळात होणार नाही, कारण खात्यातली रक्कम जुळत नाही म्हणून कोणी खातेदाराचेच नाव बदलत नाही.

शिकवण्यांतून आज जी युक्ती सांगतात, की आधी धातू जुळवा, मग अधातू, मग हायड्रोजन आणि सर्वांत शेवटी ऑक्सिजन, तिच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. युक्ती चांगली आहे आणि वेळ वाचवते. माझे म्हणणे तिच्या आधी काय व्हायला हवे याविषयी आहे.

नातीने नववीत जे पुस्तक वापरले त्यात एक साधा प्रयोग दिला आहे. शंकूच्या आकाराच्या चंबूत एक द्रावण घ्यायचे, दुसरे द्रावण छोट्या परीक्षानळीत घालून ती नळी दोऱ्याने आत लोंबकळत ठेवायची, बूच घट्ट लावून सगळे एकत्र तोलायचे, मग चंबू कलता करून द्रावणे एकमेकांत मिसळू द्यायची आणि पुन्हा तोलायचे. तोंडाला बूच का लावायचे, असा प्रश्नही पुस्तकाने विचारला आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. कॉपर सल्फेट आणि सोडियम कार्बोनेट यांची द्रावणे घेतली तर निळसर हिरवा साका बसतो, आणि पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, पण थोडा कार्बन डायऑक्साइडही सुटतो. बूच नसेल तर चांगला काटा ती घट दाखवील. हा प्रयोग केला का, असे नातीला विचारले तर ती म्हणाली की सरांनी फळ्यावर आकृती काढली होती. शाळेत जाऊन चौकशी केली तेव्हा मला अत्यंत सौजन्याने सांगण्यात आले की तेवढा बारीक काटा प्रयोगशाळेत नाही आणि परीक्षेत हा प्रयोग विचारत नाहीत. शाळेचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, कारण दुसऱ्या शाळांतही याहून वेगळे उत्तर मिळेल अशी मला फारशी आशा नाही.

तेव्हा आम्ही घरीच करायचे ठरवले. सोन्याचांदीच्या दुकानात असतो तसला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा हजार रुपयांच्या आत मिळाला. दशांश ग्रॅमपर्यंत वाचतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर स्वयंपाकघरात होतेच. पहिल्यांदा उघड्या पेल्यात पन्नास-साठ मिलिलिटर व्हिनेगर घेतले, शेजारी कागदावर ३.४ ग्रॅम सोडा ठेवला, आणि पेला, व्हिनेगर, सोडा व कागद असे सगळे एकदम तोलले. सोडा ओतल्यावर फसफसून झाले, रिकामा कागद पुन्हा काट्यावर ठेवला, तेव्हा आकडा १.६ ग्रॅमने उतरला होता. समीकरणाप्रमाणे ८४ ग्रॅम सोड्यातून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे ३.४ ग्रॅममधून साधारण १.८ ग्रॅम सुटायला हवा. उरलेले ०.२ ग्रॅम कुठे, असे नातीने विचारले. पेला हलवून थोडा वेळ ठेवल्यावर आणखी ०.१ उतरले, विरघळून राहिलेला वायू हळूहळू बाहेर पडत होता. संतुलित समीकरणाने ग्रॅममध्ये काही सांगितलेले आणि ते काट्यावर जवळपास तसेच आलेले तिने पहिल्यांदा पाहिले.

दुसऱ्या वेळी वायू जाऊ द्यायचा नाही म्हणून तिने लहान बाटलीच्या तोंडावर फुगा ताणून बसवला. सोडा फुग्यात, व्हिनेगर बाटलीत; सगळे मिळून ९६.४ ग्रॅम. फुगा उभा करून सोडा आत पाडला, फुगा जवळजवळ लिटरभर फुगला, आणि काट्यावर आकडा आला ९५.३. ती हिरमुसली. मला मनातून आनंद झाला, कारण कारखान्यातही हिशेब जुळत नाही तेव्हाच खरे काम सुरू होते. फुगा गळतो आहे असे तिचे मत पडले, म्हणून बाटलीसकट तो बादलीतल्या पाण्यात दाबून धरला. एकही बुडबुडा आला नाही. पण फुगा पाण्याखाली ठेवताना तिला दोन्ही हातांनी जोर लावावा लागत होता. "हा वर ढकलतोय," असे ती म्हणाली आणि स्वतःच थांबली. बादलीत पाणी जसे वर ढकलते तशीच खोलीतली हवाही ढकलत असणार. लिटरभर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम असते. फुग्याने जितकी हवा बाजूला सारली जवळपास तितकेच वजन काट्याने कमी दाखवले. वस्तुमान तेवढेच होते, काट्यावरचा भार तेवढा हलका झाला होता. वस्तुमान आणि वजन यांतला फरक पाठ्यपुस्तकात दोन ओळींत येतो; इथे तो १.१ ग्रॅम होऊन समोर बसला होता.

तिसऱ्या वेळी थंड पेयाची अर्ध्या लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली घेतली, जी फुगत नाही. सोडा एकच ग्रॅम, पातळ कागदाच्या पुडीत बांधलेला, म्हणजे झाकण लावायला उसंत मिळते. बाटली, व्हिनेगर, पुडी आणि झाकण मिळून ८७.३ ग्रॅम. पुडी आत टाकून झाकण आवळले, फसफस पूर्ण होऊ दिली, पुन्हा तोलले: ८७.३. मग झाकण सैल केल्यावर सुस्कारा सुटला आणि आकडा ८६.९ वर आला. त्या दिवशी रात्री जेवताना तिने हे आईला तीनदा सांगितले.

या सुस्काऱ्याला इतिहासात मोठी जागा आहे. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनी १६७३ मध्ये बंद काचपात्रात धातू तापवून पाहिला, परंतु तोलण्याआधी पात्र उघडले. वजन वाढलेले दिसल्यावर अग्नीचे कण काचेतून आत शिरले असावेत असा त्यांनी निष्कर्ष काढला. रशियात लोमोनोसोव्ह यांनी १७५६ मध्ये पात्र न उघडता तोलले आणि वजन वाढत नाही असे दाखवले. फ्रान्समध्ये लाव्हाझिए यांनी १७७४ मध्ये कथिल घेऊन दोन्ही गोष्टी केल्या: पात्र बंद असताना तोलले तेव्हा फरक नाही, आणि उघडल्याबरोबर हवा सू करून आत शिरली तेव्हा जेवढे वजन वाढले तेवढेच कथिलाचे वाढलेले निघाले. ते राजासाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीचे भागीदार होते, जमाखर्च त्यांच्या हाडीमाशी खिळलेला होता, आणि त्या भागीदारीपायीच ८ मे १७९४ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. आपली मुले त्यांचे नाव वस्तुमान टिकण्याच्या नियमापुढे लिहितात आणि एका गुणाचे धनी होतात. त्यांनी केवळ झाकण केव्हा उघडायचे एवढ्याकडे बॉइलपेक्षा अधिक लक्ष दिले होते, हे मात्र मुलांना कळत नाही.

कारखान्यात आम्ही या नियमाचे नाव कधी घेतले नाही. आम्ही त्याला मटेरियल बॅलन्स म्हणायचो आणि तो दर पाळीला लॉगशीटवर भरायचो. गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड, त्याचा ट्रायऑक्साइड, आणि तो शोषून शेवटी आम्ल. बत्तीस किलो गंधकामागे अठ्ठ्याण्णव किलो आम्ल मिळते हे नव्या मुलांना सांगितले की ती थक्क व्हायची. वरचे सहासष्ट किलो म्हणजे हवेतला अठ्ठेचाळीस किलो ऑक्सिजन आणि अठरा किलो पाणी. एका पावसाळ्यात सुमारे शंभर टनांच्या आमच्या प्लँटवर सलग तीन दिवस दीड-दीड टन आम्ल कमी भरले. टाकीची डिप, म्हणजे आम्लाच्या पातळीचे माप, पुन्हा घेतली, आम्लाचे तापमान आणि घनता तपासली, गंधकाच्या गोणी मोजल्या, सगळे ठीक. चिमणीतून काही दिसत नव्हते, कारण सल्फर डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही. जे आत गेले ते कुठून तरी बाहेर पडलेच पाहिजे, एवढ्या एका भरवशावर चिमणीतल्या वायूचा नमुना घेतला आणि त्यात तो नेहमीपेक्षा कितीतरी जास्त निघाला. हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे एका वायूची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्राच्या, एका नळीला गंजून भोक पडले होते आणि अजून ट्रायऑक्साइड न झालेला कच्चा वायू तिथून परस्पर पुढे निसटत होता. प्लँट थांबवून ती नळी बंद केली. हिशेब लिहायचाच नाही असे ठरले असते तर आसपासच्या गावांनी तो वायू किती दिवस हुंगला असता, कोण जाणे.

आपल्या घरांतून हा नियम बायकांना पुस्तकाविना ठाऊक होता, हेही इथे नमूद करतो. घंटीवर, म्हणजे पिठाच्या गिरणीत, पाच किलो गहू दिले आणि पीठ थोडे कमी आले की आमची आई ही घट कशाची म्हणून विचारायची. जात्यात अडकलेले, उडालेले आणि तापून वाळलेले, असा हिशेब घंटीवाल्याला द्यावा लागे. गुजरातीत वस्तुमानाला 'दळ' म्हणतात, हा त्यातला गमतीचा योगायोग. महाराष्ट्रातल्या मराठी पुस्तकांत 'द्रव्य अक्षय्यतेचा नियम' असे भारदस्त नाव आहे, आणि अक्षय्य तृतीयेमुळे निदान तो शब्द तरी मुलांच्या ओळखीचा असतो. बडोद्यातली आमची मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांना दोन्हींतले एकही नाव घरच्या बोलण्याशी जोडून मिळत नाही. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढून रसायन आणि रंगकाम देशी भाषेतून शिकवण्याची सोय केली, प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारखा रसायनज्ञ त्याच्या प्रमुखपदी बसवला, त्या शहरात हे घडावे याचे वाईट वाटते.

काही चोखंदळ वाचक आइन्स्टाइन यांचा दाखला देऊन हा नियम तंतोतंत खरा नाही असे म्हणतील. ते बरोबरच आहे. एक किलो कोळसा जळताना उष्णतेच्या रूपाने जे वस्तुमान जाते ते एका मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते; शाळेच्याच काय, कारखान्याच्याही काट्याला त्याचा पत्ता लागत नाही.

माझी विनंती दोन गोष्टींपुरती आहे. नववीत बंद बाटली तोलण्याचा प्रयोग प्रत्येक शाळेने प्रत्यक्ष करावा, आणि तो शिक्षकाने पुढे उभे राहून न करता मुलांच्या हातांनी व्हावा. फुगा घेऊन चुकू द्यावे, नंतर कडक बाटली द्यावी. दुसरे असे की, दहावीच्या परीक्षेत समीकरण संतुलित करा एवढ्यावर न थांबता त्याच्याखाली दोन्ही बाजूंच्या ग्रॅमची बेरीज लिहायला सांगावी. उदाहरणे शोधायला लांब जावे लागणार नाही. शहराच्या वेशीवर साठच्या दशकापासून खताचा मोठा कारखाना उभा आहे. युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यासाठी २५.५ किलो अमोनिया आणि ३३ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि सोबत १३.५ किलो पाणी तयार होते, हे ज्या मुलाने एकदा स्वतः मांडले त्याला आकडे कशाचे आहेत हे पुन्हा सांगावे लागणार नाही. पेपर तपासणाऱ्यालाही सोपे जाईल, कारण पाण्याच्या जागी पेरॉक्साइड लिहिलेले असेल तर ग्रॅमच्या रकान्यात ३६ च्या जागी ३४ दिसेल.

रावपुरा, दांडिया बाजार किंवा मांडवी भागातील कोणत्याही शाळेने आपल्या कार्यालयामार्फत कळवल्यास शनिवारी सकाळी काटा घेऊन यायला मी तयार आहे. कोणतेही मानधन नको. शाळेने फक्त व्हिनेगर, सोडा आणि मुलांच्या संख्येइतक्या थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्या ठेवाव्यात. बाटल्या प्लास्टिकच्याच हव्यात, काचेच्या अजिबात नकोत, आणि सोडा एका ग्रॅमहून जास्त घ्यायचा नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त कारखाना कर्मचारी
दांडिया बाजार, बडोदे